उद्घाटनाआधीचा झोका

आमच्या गावात एक पेंग्विन आहे. तळोदा आणि प्रकाशाच्या मधल्या पट्ट्यातलं आमचं गाव. वैशाखात इथे कावळासुद्धा केळीच्या पाटात पाय बुडवून विचार करत बसतो. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीने फायबरचा पेंग्विन आणून उभा केला. त्याच्या उघड्या चोचीत कचरा टाकायचा, अशी योजना. बरेच दिवस त्याच्या पोटात कागदाचा कपटाही गेला नव्हता, कारण पेंग्विन बागेत आणि बागेला कुलूप.

बाग मागितली कोणी, हे कोणालाच आठवत नाही. आम्ही मागत होतो ती बाजारपट्टीतली तुंबलेली गटार काढायला. पण गटारीसाठी पैसा नव्हता आणि बागेसाठी आला होता, आणि मार्चच्या आत संपवला नाही तर तो परत जाणार होता. सरकारी पैसा परत जाणं म्हणजे दारात आलेला जावई न जेवता परत जाण्यासारखं. मग गावाबाहेरच्या मोकळ्या जागेला भिंत आली. व्यायामाची यंत्रं आली, ती भिंतीला इतकी चिकटून रोवली की पाय ताणायचा तर आधी भिंत पाडावी लागेल. प्लॅस्टिकचं गवत आलं, ते पहिल्याच उन्हाळ्यात कडेने वळून पापड झालं. हरणाची जोडी आली, त्यातल्या एकाचं शिंग टेम्पोतच राहिलं. शेवटी लोखंडी फाटक आलं आणि फाटकाला कुलूप. आता फक्त उद्घाटन व्हायचं होतं. ज्यांच्या हस्ते व्हायचं त्यांना वेळ नव्हता. वेळ मिळाला तर आचारसंहिता लागली. आचारसंहिता उठली तर पाहुणेच बदलले.

चहाच्या टपरीवर रोज त्या बागेचा उद्धार व्हायचा. मीही त्यात हिरिरीने भाग घ्यायचो, कारण माझं दुकान टपरीला लागूनच. मी पाण्याच्या मोटारी भरतो. म्हणजे शेतकऱ्याची जळालेली मोटार आली की आतली करपलेली तार काढून नवी गुंडाळून देतो. चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात, मोटारी धडाधड जळतात आणि दुकानात रांग लागते. माझ्या हुशारीचे सगळे प्रयोग नेमके याच दिवसांत सुरू होतात, असं माझ्या बायकोचं निरीक्षण आहे.

बागेचं प्रकरणही मी चहाबरोबर गिळून टाकलं असतं. पण त्या भिंतीने आमचं निंबाचं, म्हणजे कडुनिंबाचं, झाड पोटात घेतलं होतं, आणि त्या झाडावर आखाजीचा झोका असतो.

अक्षय्य तृतीयेला बाकी महाराष्ट्र सोनं घेतो. आम्ही खानदेशी माणसं दोर घेतो. आखाजी हा आमच्याकडे लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, सांजोऱ्या खातात, आमरस पितात, आणि संध्याकाळी निंबाच्या आडव्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर उभ्या राहून सासरची उणीदुणी गाण्यात काढतात. त्या दिवशी गाण्यातून कोणी कोणाला काहीही म्हटलं तरी रागवायचं नाही, असा रिवाज. फाटकाला कुलूप लागल्यावर बायकांनी आधी झोका बाभळीला बांधून पाहिला, मग एकाच्या पत्र्याच्या शेडला. बाभळीचे काटे आणि शेडचा मालक, दोघेही सारखेच टोचले.

त्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. हिवाळ्यात ती सीमेपलीकडे गुजरातेत गेली आणि ही तिची पहिली आखाजी. पहिल्या आखाजीचं काय असतं ते मुलीच्या बापाला सांगावं लागत नाही. सासूने दोनच दिवसांची रजा मंजूर केली होती. फोनवर पोरीने जेवणाखाण्याचं काही विचारलं नाही.

“पप्पा, झोका निंबालेच ना? मी आठे बठ्ठास्ले सांगी ठेयेल शे.”

“निंबालेच,” मी म्हणालो. “दुसरा कोठे?”

सासरी सगळ्यांना तिने तसं सांगून ठेवलं होतं. फोन ठेवला तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती. “काय वो, फाटकनी चावी तुम्हना खिसामा शे का?”

चावी खिशात नव्हती, पण पेन होतं. टपरीवर जाऊन मी जाहीर केलं की आखाजीच्या आत मी बाग उघडून दाखवतो, आणि तेही कायदेशीर अर्ज करून. दुकानात दोन शेतकरी जळक्या मोटारी मांडीवर घेतल्यासारखे बसले होते. त्यांना म्हटलं, “जरा थांबा, गावचं काम आहे.”

साधा अर्ज लिहिला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण मला जोरदार लिहायचं होतं. या झोक्याची परंपरा किती मोठी आहे हे साहेबांना कळायला नको? म्हणून मी लिहिलं: ‘सदर झाडाच्या फांदीस सालाबादप्रमाणे एका वेळी पाच-सहा महिला लोंबकळत असून, झोका भिंतीहून उंच जात असतो. दोर तुटून महिला पडल्याच्या घटनाही गावाने आजवर आनंदाने सोसलेल्या आहेत.’ टपरीवर वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. एक म्हातारबाबा म्हणाले, “आप्पा, तुम्ही चुकीसन मोटारना धंदामा पडनात. वकील व्हवाले पाह्यजे व्हतं.” मी ते खरं मानलं. माणसाने टपरीवरची स्तुती घरी नेऊ नये. मी कार्यालयात नेली, अर्जावर आवकचा शिक्का मारून घेतला आणि छाती काढून परत आलो.

आमच्या ग्रामपंचायतीचा लौकिक असा की तिथे दिलेला अर्ज तुमच्या नातवाला मंजूर होतो. पण आठवडा उलटायच्या आत पंचायतीचा शिपाई दुकानात हजर.

“आप्पा, पेढे द्या. तुमना अर्जवर कारवाई व्हयनी.”

मी पेढे मागवले. तो पेढा तोंडात टाकून गेला आणि मग मी कागद उघडला. आपल्या अर्जाच्या अनुषंगाने बागेतील निंबाच्या झाडाची धोकादायक फांदी तोडण्यात येत आहे. खाली सरपंचांची सही. एक पेढा माझ्याही तोंडात होता. तो ना खाली जाईना ना बाहेर येईना.

तसाच कार्यालयात गेलो. आमचे ग्रामसेवक, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, तिकडचे, दूरच्या जिल्ह्यातले. पुस्तकी मराठी बोलतात आणि दोन गावांचा कारभार एका मोटारसायकलवर ओढतात.

“भाऊसाहेब, मी दार उघडा म्हणालो होतो. फांदी तोडा नाही.”

“आप्पा, तुम्हीच लिहिलंय.” त्यांनी माझा अर्ज समोर धरला. “पाच-सहा महिला लोंबकळतात. दोर तुटतो. महिला पडतात. हे लेखी आल्यावर मी काय करू? उद्या कोणी पडलं तर म्हणतील, याला माहीत होतं. मागच्या गावात शाळेची भिंत पडली होती. आधी कोणीतरी लेखी कळवलं होतं. दोन वर्षं खेटे घातले मी त्यापायी.”

माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत ती भिंत दिसत होती. मी आवाज खाली आणला.

“मग मी अर्ज परत घेतो.”

“आवक झालाय तो. परत घ्यायचा तर नवा अर्ज द्या, मासिक सभेपुढे ठेवतो.”

“सभा कधी?”

“आखाजीनंतर.”

“आणि फांदी?”

“आखाजीच्या आदल्या दिवशी. तळोद्याहून करवतवाला येतोय.”

माझ्या डोक्यात उगाच एक आशा चमकली. “म्हणजे फाटक उघडणार?”

“कामापुरतं.”

“उद्घाटनाशिवाय?”

“कामाला उद्घाटन लागत नाही, आप्पा,” भाऊसाहेब थकून म्हणाले. “लोकांना लागतं.”

घरी हे सांगायला मी अंधार पडायची वाट बघत होतो, पण शिपायाने पेढ्याबरोबर बातमीही गावभर वाटली होती. बायको दारातच उभी.

“लोक निवडणुकीमा उभा ऱ्हातस, मंग गावनं वाटोळं करतस. तुम्ही बसल्या जागावर करं.”

“अगं, मी झोक्यासाठीच...”

“कुलूप तरी कधी ना कधी निंघतं. फांदी तोडी तं आखो कोठून आणशात? पोरले काय सांगू?”

मी उरलेल्या पेढ्यांचा पुडा तिच्या नजरेआड कोनाड्यात सरकवला.

दुसऱ्या दिवशी तिने मला हाताला धरून नेलं, पण पंचायतीत नाही. सरपंचबाईंच्या अंगणात. आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा बाई निवडून आल्या आणि खुर्चीत त्यांचे यजमान बसले. गावात यजमानांना ‘सरपंच’ म्हणतात आणि बाईंना ‘सरपंचांची घरवाली’. यजमान एका लग्नाला बाहेरगावी गेले होते. अंगणात गल्लीतल्या बायका कुरडया घालत होत्या. मला कोणी बसा म्हटलं नाही. गरम चिकाने भरलेला सोऱ्या हातात दिला आणि दाबायला लावला. चैत्राचं ऊन, खाली चटका देणारी खाट, आणि चारी बाजूंनी बायका.

“आप्पा, जोरमा दाबा. अर्ज कसा जोरमा लिखा!”

“या कुरडईवर शिक्का मारना पडी का, आप्पा?”

मी मुकाट दाबत राहिलो. बायकोने सरपंचबाईंना विचारलं, “बहीण, तू फांदी तोडाले सही कशी करी?”

सरपंचबाईंचा हात थांबला. “कोनती फांदी?”

“निंबनी. झोकानी.”

“माले तं सांगं, बागना कामनी सही शे.”

“वाचं नही?”

“वाचू कवय? कागद येस तवय मन्हा हात पीठमा ऱ्हास. बोट पुसस नि सही करस.” त्या आपल्या चिकाने भरलेल्या बोटांकडे बघत होत्या. मघाशी मला टोचणाऱ्या बायकाही खाली मान घालून कुरडया सारख्या करू लागल्या.

ती शांतता मला सोसेना. मला शांतता सोसतच नाही, तो माझा रोग आहे. म्हणून मी भाऊसाहेबांच्या कारभाराची तक्रार सुरू केली. उद्घाटन झाल्याशिवाय लोकांना फाटक उघडत नाहीत, पण करवतवाल्याला उघडतात, का, तर म्हणे कामाला उद्घाटन लागत नाही.

“काय बोलनात भाऊसाहेब?” सरपंचबाईंनी मान वर केली.

“कामाला उद्घाटन लागत नाही.”

“मंग झाडनं काम नही शे का?”

मला वाटलं त्या झाडाबद्दल बोलतायत. पण त्यांनी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि बायकांकडे बघितलं. बायका माझ्याआधी हसायला लागल्या. मला कळेपर्यंत दोन कुरडया करपल्या असत्या, पण त्या उन्हात वाळतात, म्हणून वाचल्या.

सकाळी सरपंचबाई कार्यालयात जाऊन स्वतःच्या खुर्चीत बसल्या. पंधरा ऑगस्ट सोडला तर पहिल्यांदाच. भाऊसाहेब उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले. मी साक्षीदार म्हणून दारात होतो; खरं तर बायकोने मला आत बोलायचं नाही या अटीवर आणलं होतं.

“भाऊसाहेब, बागमा कचरा शे.”

“असेल, वहिनी. शिपायाला सांगतो.”

“एकला शिपाई कितला झाडी? आम्ही झाडतस.”

“आम्ही म्हणजे?”

भाऊसाहेबांनी खिडकीतून बघितलं. आमची सगळी गल्ली बाहेर उभी होती, प्रत्येकीच्या हातात झाडू.

त्यांनी पंख्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं, मग हळूच म्हणाले, “साफसफाईला हरकत नाही. ते काम आहे.” आणि चावी काढली. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं ते मी पाहिलं. शपथेवर सांगत नाही, पण ते हसू असावं.

“नि ती फांदी आते तोडानी नही,” सरपंचबाई म्हणाल्या. “पहिले तपासा. कच्ची व्हई तं मी स्वता तोडाले लावसू.”

“तपासायची म्हणजे वजन टाकून बघावं लागेल.”

‘वजन’ म्हटल्यावर खोलीतले सगळे माझ्याकडे का वळले, हे मला आजवर कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

फाटक करकरत उघडलं. बायका आत घुसल्या, प्लॅस्टिकचं वळलेलं गवत गोळा झालं, इतक्या वर्षांचा पाचोळा पेंग्विनच्या पोटात कोंबला गेला. मी दोर घेऊन झाडावर चढलो. बायको खालून म्हणाली, “गाठ आम्ही बांधतस.” मी म्हणालो, “आयुष्यभर तारा गुंडाळल्या मी. गाठ मला शिकवू नको.” मोटारीत तार बसवतो तशी सुबक, एकावर एक बसलेली गाठ मी बांधली. दिसायला इतकी देखणी की भाऊसाहेबांनीही मान डोलावली. मग मी फळीवर बसलो. शिपायाने एक झोका दिला. दुसरा दिला. फांदी हलली नाही. मी विजयी नजरेने बायकोकडे पाहिलं आणि त्याच क्षणी माझी देखणी गाठ वेटोळं उलगडावं तशी शांतपणे सुटली.

निंबाखालच्या नव्या फरशीची गुणवत्ता मी त्या दिवशी कमरेने तपासली. ठेकेदाराने निदान फरशी तरी पक्की बसवली होती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

वरून चार पानं पडली, बस. फांदी होती तशीच. सगळी बाग हसत होती. भाऊसाहेब तर झाडाला टेकून डोळे पुसत होते. इतकी वर्षं हा माणूस आमच्या गावात आहे, त्याला हसताना कोणी बघितलं नव्हतं.

“फांदी सुस्थितीत आहे, असं लिहितो,” ते म्हणाले. “करवतवाल्याला फोन करून नको सांगतो.”

“आणि माझं काय?”

“तुमच्याबद्दल वेगळा अर्ज द्या.”

कागदोपत्री ती साफसफाई आजतागायत संपलेली नाही. रोज सकाळी कोणीतरी दोघी झाडू घेऊन येतात, फाटक उघडतात आणि दिवसभर ते उघडंच राहतं. म्हातारे निंबाखाली पत्ते खेळतात. उद्घाटनाचा विषय निघाला की सगळे घाईने दुसरं काहीतरी बोलतात. पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेला बायका पहिल्यांदाच एवढ्या आल्या की सतरंजी कमी पडली. गावाला स्वागत कमान बांधायचा ठराव पुढे आला, तर मागून एकीने विचारलं, “कोनी मांगी व्हती?” सरपंचबाईंनी ठरावाचा कागद आधी पूर्ण वाचला, मग बाजूला ठेवला आणि गटारीचा विषय घेतला. यजमान शेजारच्या खुर्चीवर बसून खोकत होते. गटारीचं मोजमाप होऊन गेलंय. काम सुरू व्हायचंय. आमच्याकडे मोजमाप होणं हीसुद्धा अर्धी लढाई असते.

पण मी पुढे पळालो. आखाजीचं राहिलंच.

पोरीला आणायला पुतण्या गेला, कारण मी खाटेवर पालथा पडून होतो आणि बायको विटेचा शेक देत होती. पोर आली ती थेट माझ्या कमरेकडे बघून हसली. तिच्यापर्यंत सगळं पोचलेलं होतं. संध्याकाळी मला दोघांनी धरून बागेत नेलं आणि व्हरांड्यातल्या गाठोड्यासारखं एका बाकावर ठेवलं. झोका बायकोने बांधला होता. दिसायला ओबडधोबड गाठ, पण कोणाची शंका घ्यायची हिंमत नव्हती.

माझी मुलगी फळीवर चढली. सासरच्या नव्या बांगड्या दोरावर वाजल्या. पहिला झोका, दुसरा झोका, आणि मग ती भिंतीच्या वर गेली, पदर मागे सोडून. खालच्या बायकांनी गाणं धरलं. सासूचं येईल असं मला वाटलं होतं. पण त्यांना त्या वर्षी ताजा माल मिळाला होता.

‘आप्पानी बांधी गाठ वं माय, गाठ गई सुटी,
फांदी ऱ्हायनी झाडवर, कंबर गई तुटी...’

रागवायचं नसतं. मी टाळ्या वाजवल्या.

सरपंचबाई फाटकाजवळ उभ्या राहून बघत होत्या. त्या या गावच्या सून. त्यांचं माहेर तापीपलीकडे, आणि आईबाप गेल्यापासून आखाजीला न्यायला कोणी येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पोरीने झोका पायाने थांबवला.

“काकू, या. दोनजनीस्ना झोका शे हाऊ. समोरासमोर.”

“मी कसाले वं? हाऊ लेकीस्ना सण.”

“मंग तुम्ही कोनी लेक नही शेत का?”

तेवढ्यात लग्नाहून परतलेले यजमान फाटकात येऊन थबकले. उघडी बाग, हसणाऱ्या बायका, बाकावर आडवा पडलेला मी. कुठून विचारायला सुरुवात करावी ते त्यांना कळेना. सरपंचबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पायातल्या चपला काढल्या आणि त्यांच्या हातात दिल्या.

“धरा जराखं,” त्या म्हणाल्या, आणि फळीवर चढल्या.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. आधी घाबरत, मग एकमेकींच्या तालाने वाकत, झोका वर चढत गेला. सरपंच चपला घेऊन उभे होते. मी बाकावरून त्यांना बसायची खूण केली, पण त्यांचं लक्ष वर होतं.